मदत हवी आहे: केस ओंजळीने गळतात, उपचार करू की मान्य करू?

मनीषनगर_२६
लवकर सांगा. तीन आठवड्यांपासून केस नुसते हातात येऊन राहिले आहेत. काल न्हाणीच्या जाळीवरून गोळा केले तर लिंबाएवढा गोळा झाला. वेणी अंगठ्याएवढी होती, आता करंगळीएवढी. धरमपेठेतल्या एका क्लिनिकमध्ये पाच मिनिटं पाहिलं आणि पीआरपीच्या (आपलंच रक्त काढून त्यातला भाग डोक्यात टोचतात) सहा सिटिंगचं ४८ हजारांचं पॅकेज पुढे केलं. रक्त तपासा, असं कोणी म्हटलं नाही. आई म्हणते, आत्याचेही असेच गेले, मान्य कर. फेब्रुवारीत लग्न आहे. पैसे भरू की नको?

बर्डीचा_भाऊ
फिनास्टराइडची गोळी १ मिलिग्रॅम रोज आणि डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल ५ टक्के. चार वर्षांपासून करून राहिलो, माथा भरला. बाकी सगळं तेल-पाणी आहे.

औषधवाली_ताई
भाऊ, वेणी लिहिलंय तिने. लग्न ठरलेल्या मुलीला फिनास्टराइड सांगता? पोटात मुलगा असेल तर त्याच्या अवयवांच्या वाढीवर परिणाम होतो. आधी वाचा तरी.
मनीषनगर, भांग रुंद झाला की सगळीकडून सारखे गळतात? कुठे गोल चट्टा? मागच्या तीन-चार महिन्यांत ताप, ऑपरेशन, डाएट? पाळी नियमित?

महालचे_आजोबा
आमच्याकडे बोअरचं पाणी सुरू झालं तेव्हापासून सुनेचे केस गेले. कांद्याचा रस रात्री लावा, सकाळी शिकेकाईने धुवा. महिन्यात फरक पडतो.

बर्डीचा_भाऊ
ताई, चूक झाली, घाईत लिहिलं. पण आजोबा, कांद्याच्या रसाचा जो लहानसा प्रयोग झाला तो चाईवर, म्हणजे गोल चट्ट्यांवर. सगळ्या गळतीला तो कसा चालेल?

महालचे_आजोबा
प्रयोग तुमचा, अनुभव माझ्या घरचा.

अकोट_नागपूर
पाण्यावरून आठवलं. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यात लोकांना काही दिवसांतच टक्कल पडलं होतं. तेव्हाही आधी पाण्यावरच संशय घेतला. मग डॉ. हिंमतराव बावस्करांनी तपासलं आणि बोट रेशनच्या गव्हातल्या जास्तीच्या सेलेनियम या खनिजाकडे गेलं. त्या गावांतल्या पोरींची लग्नं अडली, ते कोणी लिहीत नाही.

हिंगणा_रोड
मान्य करण्याबद्दल सांगतो. चोविसाव्या वर्षी कपाळ मागे गेलं. पाच वर्षं मिनॉक्सिडिल लावलं. त्याने थोडं भरलं, बंद केलं तसं चार-पाच महिन्यांत मिळवलेलं सगळं गेलं. मग एका रविवारी न्हाव्याला शून्यावर मशीन फिरवायला सांगितलं. घरी आलो तर बाबा ओसरीत बसले होते, काही न बोलता डोक्यावरून हात फिरवला. त्या दिवसापासून मन शांत आहे. पण माझी गळती आनुवंशिक होती, वर्षानुवर्षं हळूहळू सरकणारी. तीन आठवड्यांत असे गोळे नाही निघत त्यात. ताईला मान्य कर म्हणायची मला तरी घाई वाटते.

मनीषनगर_२६
चट्टा नाही, सगळीकडून गळतात. पाळी ठीक. महालक्ष्म्यांच्या वेळी डेंगू झाला होता, पाच दिवस ॲडमिट होते. पण प्लेटलेट वाढल्या, ते कधीच संपलं. लग्नासाठी दोन महिन्यांपासून रात्री जेवत नाही. याचा काय संबंध?

औषधवाली_ताई
अगं बाई, हेच आधी सांगायचं होतं! मोठ्या तापात बरेच केस एकदम वाढायचे थांबतात आणि दोन-तीन महिन्यांनी गळतात. गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरा मणी दिसेल. मूळ शाबूत असतं, बहुतेकांची गळती सहाएक महिन्यांत थांबते. पण केस महिन्याला सेंटिमीटरभरच वाढतो, फेब्रुवारीपर्यंत वेणी जाड होणार नाही, हे आताच सांगते. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) करून घे. बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांग, थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. आणि आज रात्री वरण-भात जेव.

मनीषनगर_२६
मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत जाऊन आले. मॅडमनी साठेक केस चिमटीत धरून हळूच ओढले, नऊ आले, म्हणजे जास्तच. त्यांनी मला मणी दाखवला. फेरिटिन ९, म्हणजे खूप कमी आहे, लोहाच्या गोळ्या दिल्या. आत्यासारखं आहे का ते आता ठरवता येत नाही म्हणाल्या. भांगाचा फोटो काढून ठेवला, सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. पॅकेज नाही घेतलं, पण क्लिनिकवाले ५ हजारांचा ॲडव्हान्स परत देत नाहीत. आणि केस अजून गळतातच आहेत. मांडवात काय करू?

औषधवाली_ताई
गोळी चहासोबत नको घेऊ, लिंबूपाण्यासोबत घे. लग्नात हलकं गंगावन लाव, अंबाडा घट्ट बांधू देऊ नकोस, मुळं ओढली जातात. ॲडव्हान्सची पावती आहे का?

मनीषनगर_२६
पावती नाही, फोनवरून पाठवले होते. त्याचा स्क्रीनशॉट आहे. गंगावन आईच्या पेटीत निघालं, तिच्या लग्नातलं. रंग माझ्या केसांहून काळा आहे.