कळसूबाई आणि साल्हेर, एकटीने आणि एसटीने : सॅक किती जड ठेवू?

पायवाट_मिरज

नमस्कार मंडळी. डिसेंबरात सुट्टी जोडून चार दिवस मिळतायत. कळसूबाई (१६४६ मीटर) आणि साल्हेर (१५६७ मीटर), म्हणजे महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आणि त्याच्या खालोखालचं, एकाच फेरीत करायचंय. निघणार पुण्याहून, एकटीच. गाडी नाही. राजगड-तोरणा झालाय, पण ग्रुपबरोबर. आईने परवानगी दिलीय, अट एकच, रोज संध्याकाळी फोन. साल्हेरच्या गुहेत एकटीने मुक्काम करावा का? आणि तंबू, स्टोव्ह धरून सॅक अकरा किलो होतेय. झेपेल का?

अकोलेकर

राजूरपर्यंत एसटीने या, पुढे कळसूबाईच्या पायथ्याच्या बारी गावाला जायला काहीतरी मिळतंच. मुक्काम बारीतच करा. घरगुती जेवण मिळतं, सॅकही त्यांच्याकडेच ठेवा. पहाटे पाण्याच्या दोन बाटल्या घेऊन निघा. रविवार मात्र टाळा, शिड्यांवर रांग लागते.

नाशिकची मावशी

बाळा, तंबू आणि स्टोव्ह घरी ठेव. मी ४४ व्या वर्षी हीच फेरी एकटीने केली, दवाखान्यातल्या नाइट ड्यूट्या बदलून घेऊन. माझी सॅक नऊ किलोची होती. कळसूबाईला काही वाटलं नाही, साल्हेरला मात्र एकेक किलो जाणवला. कारण मधला अख्खा दिवस एसटीत जातो. बारी-घोटी-नाशिक-सटाणा-ताहाराबाद. पोटऱ्या आखडतात आणि तशाच पायांनी दुसरा डोंगर चढायचा असतो.

कळसूबाईवर एकटेपणाची काळजी नको. वाट मळलेली आहे, शिड्या पक्क्या आहेत. पहाटे लोखंड इतकं गार असतं की बोटं बधिर होतात, साधे लोकरीचे हातमोजे घे. देवीचं देऊळ अगदी छोटं, दोघी-तिघी आत गेलो की भरलं. बाहेर आलं की समोर अलंग-मदन-कुलंग आणि दुसरीकडे भंडारदऱ्याचं पाणी. तिथे अर्धा तास बसच.

साल्हेरची गोष्ट वेगळी. मी वाघांब्यातून चढले, सॅक गावातच एका घरी ठेवली. साल्हेर-सालोट्याच्या खिंडीपर्यंत धाप लागते, पुढे कातळात कोरलेल्या पायऱ्या आणि दरवाजे. मग कड्याला बिलगून जाणारी आडवी वाट. वर गंगासागर तलाव, गुहा, आणि आणखी चढून गेलं की परशुरामाचं मंदिर. मांगी-तुंगीचे सुळके तिथून किती स्वच्छ दिसतात! १६७२ ची लढाई याच गडाच्या पायथ्याशी झाली. मोगलांना मराठ्यांनी उघड्या मैदानात हरवलं, मराठा सरदार सूर्याजी काकडे तिथेच पडले. ते मैदान बघत मी वेळेचं भान हरपून बसले आणि तीच चूक भोवली.

उतरताना उजेड कमी झाला होता. गवत कमरेएवढं, कुसळं मोज्यांतून आत टोचत होती. माथ्यावरून खाली जाणाऱ्या वाटा दोन, मी साल्हेरवाडीची धरली. लक्षात आलं तेव्हा परत चढायची ताकद नव्हती, फोनला रेंज नव्हती. काळोखात वाडीत पोचले. पहिल्याच घरातल्या आजींनी काही न विचारता पाय धुवायला ऊन पाणी दिलं, मग नागलीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा. रात्र तिथेच काढली, सकाळी डांबरी रस्त्याने चालत वाघांब्याला जाऊन सॅक घेतली. इकडे नाशिकला आमचे हे रात्रभर फोन हातात घेऊन बसले होते. ते मला आजही बोचतं.

म्हणून गुहेत एकटी राहू नकोस. वाघांब्यातून माहितगार माणूस सोबत घे, ठरलेले पैसे दे, दुपारी तीनला माथा सोड. कुणाला सोबत घेतलंस म्हणून तुझी एकटीची फेरी कमी होत नाही. आणि आईला आधीच सांग की साल्हेरच्या दिवशी फोन उशिरा येईल, कदाचित दुसऱ्या दिवशी सकाळी. ज्या घरी उतरशील त्यांचा नंबरही तिला दे.

बागलाणचा

मावशींशी शंभर टक्के सहमत. एक भर घालतो. ताहाराबादहून आत जाणाऱ्या गाड्या मोजक्याच आहेत, परतीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. मुल्हेर सोडल्यावर वाघांबे आधी लागतं, साल्हेर पुढे. झोप लागली तर पुढे जाल.

पायवाट_मिरज

मावशी, तुमचा प्रतिसाद आईला मोठ्याने वाचून दाखवला. आजींच्या भाकरीपाशी तिचा आवाज जरा मऊ झाला. तंबू-स्टोव्ह काढले, सॅक आता साडेसहा किलो. हातमोजे तिनेच विणायला घेतलेत. वाघांब्यात तुम्ही सॅक ठेवली होती त्या घराची खूण सांगाल का? नंबर मिळाला तर आई निघायच्या आधी स्वतःच बोलणार म्हणतेय.