आईच्या पायाची जाड नखं कशी कापावीत?

प्रश्न (नाशिकरोड): आईचं वय ७८. अंगठ्यांची नखं जाड, पिवळट. साध्या नेलकटरमध्ये मावत नाहीत. शुगर नाही. काय करावं?

उत्तर १: कोमट पाण्यात १०-१५ मिनिटं पाय ठेवा, नीट पुसा. लांब दांड्याच्या, स्प्रिंगच्या निपरने (पकडीसारखं नेलकटर) कडेपासून थोडं थोडं कापा. एका दमात कापलं तर नख उभं चिरतं. कोपरे खोलवर कोरू नका, नख मांसात रुततं. उरलेली जाडी कानशीने एकाच दिशेने घासा.

उत्तर २: दगडासारखं असेल तर ४० टक्के युरियाचं मलम रात्री फक्त नखावर. भोवती व्हॅसलीन हवंच, नाहीतर कातडी सोलवटते.

उत्तर ३: नखाखाली भुगा पडतोय का? मग बुरशी असू शकते, पण घट्ट चपलेच्या दाबानेही नख असंच होतं. आधी त्वचारोगतज्ज्ञांकडून नखाचं कात्रण तपासून घ्या, मगच गोळ्या. अंगठ्याचं नवं नख पूर्ण यायला १२ ते १८ महिने लागतात. आणि गोदावरीवरच्या रामकुंडावरून ओल्या पायांनी आल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराच.

उत्तर ४: हे वाचणाऱ्यांपैकी कुणाला शुगर असेल किंवा पाय बधिर असतील, तर कृपया घरी कापू नका.