रजिस्टरच्या यादीनं भागत नाही
दादा, तुम्ही म्हणता का जीडीबीत (प्रोग्राममधल्या चुका शोधायचं साधन) नव्या प्रोसेसरच्या रजिस्टरची (प्रोसेसरमधल्या बारक्या साठवण-खणांची) यादी टाकली का झालं, पण तसं नाही न राजेहो, खरी गोची ब्रेकपॉइंटची, म्हंजे चालता प्रोग्राम मधातच थांबवायच्या जागेची आहे. एक्स८६ वर (इंटेल-एएमडीवाले प्रोसेसर) जीडीबी त्या जागी १ बाइटची इन्स्ट्रक्शन घुसवतो अन् थांबल्यावर प्रोग्राम काउंटर (कोणत्या इन्स्ट्रक्शनवर आहो तो पत्ता) १ बाइट पुढं गेलेला असते, तो मागं घ्या लागते. रिस्क-फाइव्ह या नव्या प्रोसेसरचा ईब्रेक (तिथली थांबवायची इन्स्ट्रक्शन) ४ बाइटचा, कॉम्प्रेस्ड म्हंजे आखूड रूपातला असला त २ चा, अन् काउंटर तिथंच राह्यते. मी तिथंही १ वजा करत होतो! रात्री लाईन आली म्हणून हरभऱ्याले पाणी देऊन आलो, स्क्रीनवर पाह्यतो त पत्ता विषम, अन् रिस्क-फाइव्हवर इन्स्ट्रक्शनचा पत्ता त समच असते, तवा कुठं डोक्यात उजेड पडला. ओएसचं वेगळंच, लिनक्सवर पीट्रेस (दुसऱ्या प्रोग्रामवर ताबा ठेवायची सोय) आहे, ओएस नसलेल्या नुसत्या बोर्डावर मात्र छोटा स्टब (जीडीबीशी बोलणारा बारका प्रोग्राम) लिहून सिरीयलवरून बोला लागते.