वादळाचा शंकू लोकांना दाखवावा का?

दांडियाबाजारकर: अरबी समुद्रात जरा कुठे कमी दाब तयार झाला की सोसायटीच्या ग्रुपवर विंडी या हवामान-ॲपचे स्क्रीनशॉट सुरू. जांभळा भोवरा आणि पुढे तो शंकू, म्हणजे वादळाच्या संभाव्य वाटेचा रुंदावत जाणारा पट्टा. माझं मत, शंकू सामान्यांना दाखवूच नये. वादळाचं केंद्र कुठून जाऊ शकतं एवढंच तो सांगतो. पाऊस किती, पाणी कुठे, काही नाही. लोक मात्र ‘आपण बाहेर आहोत ना’ बघतात आणि झोपतात. २०२२ मध्ये फ्लोरिडात सगळ्यांचं लक्ष टॅम्पाकडे, आणि ‘इयन’ चक्रीवादळ धडकलं खाली फोर्ट मायर्सजवळ.

रावपुऱ्याची सून: लोकांना कळत नाही म्हणून झाकून ठेवायचं? वा! बिपरजॉय चक्रीवादळ १५ जून २०२३ ला कच्छमधल्या जखाऊजवळ आलं, त्याआधी किनाऱ्यावरची हजारो माणसं हलवली ती असल्याच नकाशांच्या भरवशावर. अमेरिकेचं हरिकेन सेंटर शंकू आखतं ते मागच्या पाच वर्षांच्या चुकांवरून. तीनातल्या एका वेळी वादळ बाहेर जाणार हे त्यांनी धरलेलंच असतं. तेवढं ठळक छापा. २०२४ मध्ये तर त्यांनी शंकूवरच जमिनीवरचे वाऱ्याचे इशारे रंगवून बघितले.

दांडियाबाजारकर: ताई, ऑगस्ट २०२४ विसरलात? आपल्या बडोद्यात विश्वामित्री नदी घराघरांत शिरली तेव्हा ते नुसतं ‘डीप डिप्रेशन’ होतं, म्हणजे चक्रीवादळाच्या आधीची पायरी. इथून सरकत कच्छकडे गेलं, समुद्रात उतरलं, तेव्हा कुठे ३० तारखेला ‘असना’ नाव मिळालं. बडोदं आधी बुडालं, चक्रीवादळ नंतर झालं! कुठला शंकू बघायचा होता?

ग्राफवाला: दोघंही शंकूत अडकलात. विंडीवर सरसर पळणाऱ्या त्या पांढऱ्या रेघा म्हणजे मोजलेला वारा नव्हे, हवामानाच्या संगणकी मॉडेलचा अंदाज आहे. युरोपियन मॉडेलची एक चौकट साधारण ९ किलोमीटरची, म्हणजे जुनं शहर जवळपास एका आकड्यात. लाल कुठून सुरू करायचा तेही रंगवणाराच ठरवतो. (ग्रुपवरचे काका जांभळा दिसला की प्रलयच जाहीर करतात, ते वेगळं.)

दांडियाबाजारकर: म्हणूनच म्हणतो, आजवा सरोवर आणि विश्वामित्रीवरच्या काळा घोडा पुलापाशी पाण्याच्या पातळीचा साधा आलेख द्या. फुटांत.

रावपुऱ्याची सून: तो आलेख पाणी चढायला लागल्यावर चढतो, दादा. फ्रिज माळ्यावर कधी न्यायचा ते आदल्या रात्री कळायला हवं, आणि त्यासाठी पावसाचा नकाशाच लागतो.