समचलन ओळखायचं कसं? सातवीच्या सारणीवर अडलेय

डबेवाली_काकू
मुलगी सातवीत आहे. चाचणीत ही सारणी होती:

क्ष : २, ३, ४, ५
य : ७, १०, १३, १६

"समचलन आहे का? कारण लिहा." हिने लिहिलं, आहे, कारण क्ष एकाने वाढला की य दर वेळी तीनने वाढतो. बाईंनी लाल काट मारली आणि शेजारी फक्त "भागून बघ" एवढंच लिहिलं. कशाला कशाने भागायचं? खरं सांगू, मलाही हिचंच उत्तर बरोबर वाटतंय. आमच्या वेळी त्रैराशिक होतं, तीन आकडे दिले की चौथा काढायचा, संपलं. मी घरून डबे देते, रोज हिशेब करते, पण हे काही डोक्यात शिरत नाहीये. सोमवारी फेरचाचणी आहे हो.

फळा_आणि_खडू
काकू, काट बरोबर आहे, शेरा मात्र तोकडा आहे. खालच्या आकड्याला वरच्याने भागा. ७ ÷ २ = ३.५, १० ÷ ३ = ३.३३, १३ ÷ ४ = ३.२५, १६ ÷ ५ = ३.२. दर जोडीला वेगळं. समचलनात, म्हणजे क्ष जितक्या पट होतो तितक्याच पट य ही होतो तेव्हा, हे उत्तर सगळ्या जोड्यांत एकच यायला हवं, त्यालाच चलनाचा स्थिरांक म्हणतात.

लेकीने वाढ मोजली. ती सारखी आहे, वाद नाही. पण सारणी जरा मागे न्या: १ ला ४, ० ला १. क्ष शून्य असताना हा १ आला कुठून? सगळा घोळ त्याचाच. प्रत्येक य मधून तो काढून टाका. ६, ९, १२, १५ राहतील, आणि आता भागा, सगळीकडे ३.

उलटा सापळाही दाखवून ठेवा, कारण पेपरात तो येतो:

क्ष : १, २, ५, ९
य : ४, ८, २०, ३६

य ची वाढ ४, १२, १६, अगदी वेडीवाकडी. पोरं बेधडक "नाही" लिहून मोकळी होतात. पण भागाकार प्रत्येक जोडीत ४, म्हणजे समचलनच! वरची रांग एकेकाने चालत नाहीये, एवढंच.

आणि पहिल्या दोन जोड्या जुळल्या म्हणून थांबू नका, शेवटपर्यंत भागा.

बोरिवली_स्लो
रिक्षाचं मीटर घ्या. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये. म्हणजे अर्धा किमी २६, एक किमी २६, दीड किमीही २६. भागाकार ५२, २६, १७.३३. हे कसलं समचलन! पण पुढचा दर किमीला १७.१४ आहे, म्हणून दीडच्या पुढे भाडं जवळपास अंतराच्या पटीतच वाढतं. एकाच मीटरमध्ये दोन्ही प्रकार. (मी अर्ध्या किमीसाठी रिक्षा करतो, ते सोडा.)

एडिसनकर
आमच्याकडे न्यू जर्सीत हवामान फॅरनहाइटमध्ये. १० सेल्सिअस म्हणजे ५०, २० म्हणजे ६८, ३० म्हणजे ८६. दर वेळी १८ ने वाढ, पण १० चे २० झाले तरी ५० चे १०० होत नाहीत. ० ला ३२ असतात ना. काकूंच्या सारणीतला १ तोच.

डबेवाली_काकू
पेटली ट्यूब! काल रात्री ओट्यापाशी बसून दोघींनी माझ्याच वहीतून सारण्या केल्या. कणीक आधी: १ किलोला ३२ पोळ्या, ३ ला ९६, ५ ला १६०. भागलं, ३२, ३२, ३२. मग डबे. डबा ८० ला, आणि पोहोचवायचे २० एका फेरीचे, डबे कितीही असोत.

डबे : १, २, ३, ५
रुपये : १००, १८०, २६०, ४२०

भागाकार १००, ९०, ८६.६७, ८४. मुलगी म्हणाली, आई, हा बघ चाचणीच्या सारणीतला तो जास्तीचा "१", इथे वीस रुपयांचा. मग तिने मागची पानं चाळली. समोरच्या बिल्डिंगमधल्या आजोबांकडे पाहुणे आले होते तेव्हा चार डबे दिले होते. दोनचे १८०, म्हणून चारचे सरळ ३६० घेतले होते मी. व्हायला हवे होते ३४०. आज त्यांच्या डब्यासोबत वीसची नोट चिठ्ठीत गुंडाळून पाठवलीये. चिठ्ठी मुलीनेच लिहिली, सारणीसकट.