मदत हवी आहे: रंगीत पेन्सिलीचा तिसरा हात (थर) कागदावर बसतच नाही

रंगीत पेन्सिलींनी चित्र काढायला नव्यानेच सुरुवात केली आहे. सरावासाठी विषय सोपा घेतलाय: टेबलावर ठेवलेला लाल रबरी चेंडू, डावीकडून उजेड.

सामान: विद्यार्थ्यांसाठी असतो तसा २४ रंगांचा संच, प्रिंटरचा साधा कागद (७५ जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा), साधं शार्पनर, पांढरं खोडरबर.

अडचणी अशा:

१. लाल रंगाचे दोन हात देऊन झाले की तिसरा बसत नाही. पेन्सिल घसरते, कागद चकचकीत होतो, आणि जोर लावला तर आधीचाच रंग खरवडून बारीक गोळ्या निघतात.

२. रंग भरल्यावरही मध्ये मध्ये कागदाचे पांढरे ठिपके दिसतात.

३. सावलीच्या बाजूला काळा वापरला की चेंडू गोल दिसण्याऐवजी काजळी लागल्यासारखा मळकट दिसतो. खोडायला गेलं तर लाल डाग पसरतो.

चांगल्या प्रतीचा संच घेतला तर हे सुटेल का? की हाताचीच चूक आहे?

प्रतिसाद १

संच आत्ताच बदलू नका. आधी कागद बदला, मग हाताचा दाब. पहिल्या दोन्ही अडचणींचं मूळ एकच आहे.

कागद भिंगाखाली पाहिला तर सपाट दिसत नाही. त्यावर बारीक उंचवटे आणि खळगे असतात. पेन्सिलीचं शिसं म्हणजे रंगद्रव्य, पांढऱ्या मातीसारखा भराव आणि हे सगळं बांधून ठेवणारं मेण किंवा तेल. टोक फिरतं तेव्हा उंचवटे ते किसून घेतात. हलक्या हाताने फिरवलं तर थोडंच किसलं जातं, खळगे मोकळे राहतात आणि पुढच्या हातांना जागा उरते. दाबून फिरवलं तर उंचवटे चेपतात, खळगे मेणाने बुजतात आणि वर गुळगुळीत साय धरते. तुम्हाला दिसणारी चकाकी म्हणजे तीच. तिच्यावर पेन्सिलीला पकडच मिळत नाही, म्हणून ती घसरते. आणि जोर केला की तीच साय गोळ्या होऊन निघते.

७५ जीएसएमच्या कागदाचे खळगे मुळातच उथळ. दोन हातांत ते भरणारच.

कागद किमान १६० जीएसएमचा घ्या, २०० असेल तर उत्तम. पोत हाताला किंचित खरखरीत लागला पाहिजे, पण डोळ्यांना खड्डे दिसता कामा नयेत. ब्रिस्टल या चित्रकलेच्या जाड कागदात अगदी गुळगुळीत आणि वेलम, म्हणजे किंचित खरखरीत, असे दोन प्रकार येतात, त्यातला वेलम घ्या. जलरंगाच्या कागदातला ३०० जीएसएमचा हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत पोताचा, चालतो. त्यातलाच खरखरीत कोल्ड प्रेस मात्र सुरुवातीला टाळा, कारण त्याचे खळगे इतके खोल असतात की पांढरे ठिपके बुजवता बुजवता हात दुखतो.

कुठलाही नवा कागद असा तपासा: कोपऱ्यात २ सेंटिमीटरचा चौकोन आखा, एकाच रंगाचे हलके हात देत जा आणि पेन्सिल कितव्या हाताला घसरते ते मोजा. सहा-सात बसले तर कागद कामाचा. पाठीमागची बाजूही तपासा. बऱ्याच कागदांच्या दोन बाजूंचा पोत वेगवेगळा असतो.

आता दाब. लिहिताना धरतो तशी पेन्सिल टोकाजवळ धरली की दाब आपोआप वाढतो. टोकापासून ६-७ सेंटिमीटर मागे धरा. पहिल्या तीन-चार हातांना पेन्सिलीचं स्वतःचं वजन पुरतं, बोटांनी फक्त दिशा द्यायची. खात्री करायची तर कागद उलटा करून पाठीवरून बोट फिरवा. रेघा बोटाला लागल्या तर दाब जास्त झाला आहे.

पांढरे ठिपके राहतात ते बोथट टोकामुळेही. बोथट टोक उंचवट्यांवरून सरकत जातं, खळग्यात उतरत नाही. अणकुचीदार टोक उतरतं. दर दोन-तीन मिनिटांनी टोक करावं लागलं तर ते जास्त नाही, या माध्यमात तेवढं लागतंच. पुढेमागे रेघा मारूनही भरू नका, कारण जिथे हात वळतो तिथे रंग दुप्पट साचतो आणि कडेला गडद पट्टी उमटते. २-३ मिलिमीटरची छोटी लंबवर्तुळं एकमेकांवर चढवत पुढे जा. दुसरा हात देताना कागद थोडा फिरवून घ्या, म्हणजे वळसे वेगळ्या दिशेने पडतात आणि आधी सुटलेली जागा भरून निघते.

प्रतिसाद २

टोकाबद्दल थोडी भर. शिसं सारखं तुटत असेल तर आधी शार्पनरचं पातं बदला. बोथट पातं लाकूड कापत नाही, ओढतं, आणि मऊ शिसं त्या ओढीने मोडतं. पेन्सिल स्थिर धरून शार्पनर फिरवलं तर ताण कमी येतो. पेन्सिली पाडू नका: बाहेरून काही दिसत नाही, पण आत शिशाचे तुकडे होतात आणि मग दर वेळी टोक केलं की ते गळून पडतं. नवी पेन्सिल पारखताना तिचं बूड पाहा. शिसं लाकडाच्या बरोबर मध्यावर नसेल तर टोक एका बाजूला लाकडात दबलेलं राहतं आणि ते पुन्हा पुन्हा तुटतं.

आणखी एक. काम करताना तळव्याखाली कोरा कागद ठेवा, आणि रंगाची भुकटी हाताने न पुसता मऊ ब्रशने झटका.

धागाकर्ती

२०० जीएसएमचा कागद आणला. चौकोन करून पाहिला, सात हात बसले. पेन्सिल मागे धरल्यावर ठिपकेही बरेच कमी झाले. आता चेंडूसाठी रंगांचा क्रम सांगाल का? आणि काळा अजिबातच वापरायचा नाही का?

प्रतिसाद ३

क्रम सांगण्याआधी एक गोष्ट. रंगीत पेन्सिलीचा थर पारदर्शकासारखा असतो, खालचा रंग वरच्यातून दिसत राहतो. म्हणून फिकट रंगाकडून गडदाकडे जायचं. उलटं गेलात तर गडदावर फिकट जवळजवळ दिसतच नाही.

रेखाटन: एचबीने हलकं काढा आणि मळता येणारं खोडरबर, म्हणजे नीडेड इरेझर, त्यावर टेकवून टेकवून रेघ जेमतेम दिसेल इतकी फिकट करा. ग्राफाइट राहिलं तर पिवळा आणि नारिंगी त्यात मिसळून हिरवट-राखाडी होतात. सरळ फिकट नारिंगीनेच बाह्यरेषा काढली तर हा प्रश्नच उरत नाही. एचबीऐवजी २एच घेऊ नका. तिचं टोक कडक असतं, कागदात चर पडते आणि ती चर नंतर पांढरी रेघ होऊन वर येते.

चकाकी: डाव्या बाजूला उजेडाचा जो ठिपका आहे तो पहिल्यापासून कोरा सोडा. लालावर पांढरी पेन्सिल फिरवून पांढरा परत मिळत नाही, गुलाबी मिळतो. सोडलेली जागा लागते त्यापेक्षा थोडी मोठीच ठेवा. लहान करणं सोपं, मोठं करणं अवघड.

पहिला हात नारिंगीकडे झुकणाऱ्या पिवळ्याचा, चकाकी सोडून सगळीकडे. दुसरा नारिंगीचा, चकाकीभोवती अर्ध्या सेंटिमीटरची पिवळी कड राहू द्या. तिसरा शेंदरी लालाचा, आणखी थोडा मागे सरकून. उजेडाकडून अंधाराकडे जाताना प्रत्येक हाताची कड विरत गेली पाहिजे, रेघेसारखी थांबता कामा नये.

आता सावली, म्हणजे तुमची खरी अडचण. काळ्या पेन्सिलीतलं द्रव्य बहुधा काजळीच असतं. ते सगळ्या रंगांचा उजेड सारखाच गिळतं, म्हणून खालचा लाल मरतो आणि उरतो तो धूर. त्याऐवजी सावलीच्या बाजूला गडद हिरव्याचा हलका हात द्या. ऐकायला विचित्र वाटेल, पण हिरवं द्रव्य लाल उजेड शोषून घेतं आणि लाल द्रव्य हिरवा. दोन्ही एकावर एक आले की जागा काळोखी होते, तरी रंग जिवंत राहतो. त्यावर किरमिजी लाल द्या, मग अगदी गडद पट्ट्यात थोडा गडद निळा, आणि पुन्हा किरमिजी. हिरवा दाबून दिलात तर तपकिरी डाग पडेल, तेव्हा तो पहिल्या हातांइतकाच हलका. आधी बाजूच्या कागदावर हा क्रम लावून बघा, म्हणजे तुमच्या संचातला कुठला हिरवा जमतो ते कळेल.

काळा वर्ज्य नाही. निळा आणि गडद तपकिरी देऊन झाल्यावर, चेंडू टेबलाला टेकतो तिथल्या बारीक फटीत त्याचा थोडा हात चालतो. पहिला थर म्हणून मात्र कधीच नको.

चेंडू गोल दिसत नाही यामागे बहुधा आणखी एक कारण असेल. सगळ्यात गडद भाग उजव्या कडेला नसतो, कडेच्या थोडा आत असतो. अगदी कडेला टेबलावरून परतलेला उजेड पडतो आणि खालच्या उजव्या बाजूला एक अरुंद फिकट पट्टा दिसतो. तो ठेवला की चेंडू कागदातून पुढे येतो. पडछाया टेकलेल्या जागी सगळ्यात गडद आणि धारदार, दूर जाताना फिकट आणि धूसर. चेंडूच्या जवळ तिच्यात किंचित लाल झाक द्या.

सगळे हात झाल्यावरच घोटायचं. घोटणं म्हणजे जोराने दाबून रंग खळग्यांत बसवणं. त्यासाठी रंगहीन ब्लेंडर पेन्सिल किंवा त्याच घरातला फिकट रंग घ्या, इथे नारिंगी किंवा शेंदरी. पांढऱ्याने घोटलं तर लाल दुधाळ होतो. घोटल्यावर कागदात जागा उरत नाही, म्हणून ते शेवटचंच काम. तुम्ही नकळत दुसऱ्याच हाताला घोटत होता.

प्रतिसाद ४

खोडण्याविषयी: रबर घासल्याने उष्णता तयार होते, मेण मऊ होतं आणि पसरतं. घासायचं नाही, उचलायचं. मळता येणारं खोडरबर किंवा भिंतीवर पोस्टर चिकटवायचा ब्लू टॅक लगदा दाबून उचला, तो मळून स्वच्छ जागा वर आणा, पुन्हा दाबा. जास्त रंग काढायचा असेल तर चिकटपट्टीचा तुकडा अलगद ठेवा, जिथला रंग काढायचा तिथेच पट्टीवरून संपलेल्या बॉलपेनचं टोक फिरवा आणि पट्टी सावकाश सोला. तेवढाच रंग निघून येतो. पूर्ण कोरा कागद यातून मिळत नाही, पण दोन-तीन हातांची जागा नक्की होते.

काहीजण थर एकजीव करायला गंधरहित मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावण) वापरतात. ब्रश जेमतेम ओला करून फिरवला की मेण विरघळतं, रंग खळग्यांत उतरतो आणि वाळल्यावर पुन्हा दोन-तीन हात बसतात. खिडकी उघडी हवी, कागद जाड हवा, ज्योत जवळपास नको. बेबी ऑइलने ते करू नका. ते पूर्ण उडून जात नाही आणि कागदावर तेलाचं कडं राहतं.

प्रतिसाद ५

तंत्र बरोबर, पण स्पिरिट एवढ्यात नको असं माझं मत. ते दाबाची चूक झाकतं, आणि मग हलका हात शिकायचा राहूनच जातो. आधी पाच चौकोनांची पट्टी करा: एकाच रंगाने, दाब न वाढवता, फक्त हात वाढवून कोऱ्या कागदापासून पूर्ण गडदापर्यंत. पाचही पायऱ्या डोळे बारीक करून वेगळ्या दिसल्या की चेंडूकडे वळा.

संचाबद्दल: २४ रंग भरपूर आहेत. त्यात लिंबू पिवळा आणि नारिंगी पिवळा, शेंदरी आणि किरमिजी, आकाशी आणि गडद निळा अशा जोड्या आहेत का बघा. प्रत्येक पेन्सिलीचा फिकट आणि गडद असा नमुना त्याच कागदावर करून ठेवा. लाकडावर लावलेला रंग आणि कागदावर येणारा रंग क्वचितच जुळतात.

पुढे कलाकारांसाठीच्या पेन्सिली घ्याल तेव्हा दोन घराणी भेटतील. प्रिस्माकलर प्रीमियर मेणाच्या आणि मऊ: रंग पटकन चढतो, टोक पटकन झिजतं. फेबर-कास्टेलच्या पॉलीक्रोमोस, ज्या १९०८ पासून निघतात, तेलाच्या आणि थोड्या कडक: टोक टिकतं, बारीक काम जमतं. दोन्ही एकाच चित्रात चालतात. अशा पेन्सिलींमध्ये रंगद्रव्य जास्त असतं आणि रंग उजेडात किती टिकतो याची खूण बहुधा पेन्सिलीवर किंवा रंगतक्त्यावर दिलेली असते. विशेषतः गुलाबी आणि जांभळ्यांची खूण पाहून घ्या, उडणारे रंग त्यांच्यातच जास्त.

धागाकर्ती

नव्या क्रमाने चेंडू पूर्ण झाला, पट्टीही केली. हिरव्याचा हात खरंच काम करतो. आता एकच शंका: आठवड्याभराने सावलीच्या गडद भागावर पांढुरकी धूसर झाक आली आहे. बुरशी आहे का?

प्रतिसाद १

बुरशी नाही, मेण आहे. जाड थर दिला की शिशातलं मेण हळूहळू वर येतं आणि पांढुरकी झाक धरते. गडद रंगांवर ती उठून दिसते, फिकटांवर असूनही कळत नाही. मऊ सुती कापड अगदी हलकं फिरवा, निघून जाईल, घासू नका. मग वर्कएबल फिक्सेटिव्हचे (रंग धरून ठेवणारा, वरून पुन्हा रंगवता येईल असा स्प्रे) दोन पातळ फवारे ३० सेंटिमीटरवरून, मोकळ्या हवेत, मध्ये वाळायला वेळ देऊन. एकच जाड फवारा मारलात तर रंग गडद होतो आणि डाग पडतात. आधी नमुन्याच्या चौकोनावर फवारून बघा.