मदत हवी आहे : आजोबांच्या खुकरीचे साल कसे ओळखायचे?

नमस्कार मंडळी. आईचे वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर मोटार ट्रान्सपोर्टमध्ये होते. त्यांच्या ट्रंकेत एक खुकरी आहे. ती त्यांना एका गुरखा सोबत्याने दिली, एवढेच घरात सांगतात. जुन्या लष्करी खुकऱ्यांची माहिती असलेल्यांनी कृपया मदत करावी.

पाते साधारण १३ इंच, जड. मूठ अखंड लाकडाची, टोकाला पोलादी टोपी, आणि पात्याचे शेपूट (मुठीत जाणारा भाग) त्या टोपीतून आरपार येऊन ठोकून बसवलेले स्वच्छ दिसते. १९४३च्या नमुन्यात रुंद शेपटावर लाकडाच्या दोन फाका रिव्हेटने बसवलेल्या असतात, त्यामुळे ही त्याआधीची, मार्क २ (लष्करी नमुन्याचा क्रमांक) असावी असे मला वाटते. मुठीजवळ ब्रिटिश सरकारी मालाचा बाण उमटलेला आहे. खाली १९१ एवढे वाचता येते, चौथा आकडा गंजाने खाल्ला आहे. बाण एकच आहे. टोकाला टोक भिडवलेले दोन बाण असते, तर ती लष्कराने विकून टाकलेली म्हणता आली असती.

माझे प्रश्न असे. पुसट ठसा घासल्याशिवाय वाचायची काही युक्ती आहे का? तिरपा टॉर्च मारून पाहिला, ७ असल्याचा भास होतो, खात्री नाही. आणि कारखान्याची खूण कुठे शोधायची?

पॉलिश मात्र करणार नाही, कोणी कितीही सांगितले तरी. म्यानाचे चामडे कोरडे पडून भेगाळले आहे, त्यावर काय लावावे तेही सांगा. फोटो उद्या टाकते.